उचललं की गड बाद

अगं ऐक ना, आधी नुसतं ऐक. मध्ये बोलायचं नाही आणि कोणाची बाजू घ्यायची नाही. तुला केयूर आवडत नाही हे सगळ्यांना माहितीय, पण ही गोष्ट केयूरची नाहीच. हेमांगीची आहे.

हेमांगी म्हणजे आपली निर्मळची, हरिश्चंद्रकाकांची धाकटी. काकांची देवळामागे केळीची वाडी, खताला म्हणून पाळलेल्या दोन गाई. हिचं लग्नही गावातच झालं, माहेरून सासरी सायकलने चार मिनिटं. केयूर वालीवला एका कंपनीत सुपरवायझर, ही विरारला डेंटिस्टकडे रिसेप्शनला. एकाच गावची, पण खरी भेटली ती डोंगरावर. म्हणजे लग्नाआधी दर रविवारी पाठीवर सॅक आणि निघाली, असं. मग रिद्धी झाली, आणि सगळे म्हणाले, संपलं आता यांचं भटकणं. यांनी काय केलं, दीड वर्षाच्या पोरीला केयूरच्या पाठीवर बांधलं आणि गेले तुंगारेश्वरला. ओढ्यात पाय सोडून बसले, डब्यातली घावनं खाल्ली. रिद्धीने एका किड्याला बोट लावलं, आपण पैसा म्हणतो ना तो, आणि तो टुणकन गोल झाला. त्यावर ती जी हसली, जी हसली, की हेमांगीलाही हसू आवरेना. अर्धा दिवस तिघांनी किडे शोधण्यात घालवला. वर गेलेच नाहीत. हेमांगी म्हणते तो दिवस सगळ्यात भारी होता.

मग ते ॲलिस्टरच्या ग्रुपमध्ये आले.

ॲलिस्टर पापडी गावचा, शाळेत पीटी शिकवतो. त्याने छोट्या मुलांच्या आईबापांसाठी ग्रुप काढला, 'डोंगरपिल्लं' नावाचा. चांगला माणूस आहे, त्याच्याबद्दल काही बोलायचं नाही. पण काय व्हायचं, बाप लोक पोरांना खांद्यावर घेऊन वर जायचे आणि खाली फोटो टाकायचे, आमच्या बाळाने अमुक गड सर केला. बाळ झोपलेलं असायचं अख्खा वेळ. ॲलिस्टर वैतागला. त्याने नियम केला, पायथ्यापासून वर आणि वरून पायथ्यापर्यंत मूल स्वतःच्या पायाने आलं तरच तो गड त्याचा. एकदा जरी उचललं तरी बाद. त्याच्या डोक्यात काय होतं, तर मग आईबाप पोराला झेपेल असाच डोंगर निवडतील. आणि संध्याकाळी तो फक्त आईला मेसेज करायचा, 'पूर्ण पायी?' बापांना विचारायचा नाही, म्हणायचा, बाप फेकतात. पाच वर्षांच्या आत पंचवीस गड झाले तर सत्कार, बॅनरवर फोटो. अर्नाळा आणि वसईचा किल्ला धरत नाही, ते सपाट आहेत म्हणून. जीवदानीही नाही, तिथे पायऱ्या.

आता हेमांगीचं एक सांगते. तिला खोटं बोलता येत नाही. म्हणजे खरंच येत नाही, लहानपणापासून. तिसऱ्या गडावर एका कातळाशी केयूरने रिद्धीला पटकन उचलून वर ठेवलं, कोणी बघितलंही नाही, आणि संध्याकाळी हिने मेसेज केला, 'अकरा पावलं उचललं होतं. बाद कर.' केयूर दोन दिवस बोलला नाही तिच्याशी. पण ॲलिस्टरने तो मेसेज ग्रुपवर टाकला, हात जोडून. तेव्हापासून सगळे म्हणायला लागले की हेमांगीचा शब्द म्हणजे शब्द. आणि तिला ते आवडलं. खोटं कशाला बोलायचं, खूप आवडलं. सासरी कोण म्हणतं कोणाला असं?

सहाव्या गडावर रिद्धी बसली. साडेतीन वर्षांची पोर, ऊन, पाय दुखत असणार, तिने सरळ जमिनीवर बसकण मारली आणि भोकाड पसरलं. चॉकलेट झालं, गाणं झालं, वर माकड आहे असं झालं. नाही म्हणजे नाही. केयूर म्हणाला, बस, आता खाली जाऊ. आणि इथे, बघ हं, इथे हेमांगीला गाय आठवली. काकांच्या वाडीतून घरी येताना वासरू अडलं की काका त्याला ओढायचे नाहीत कधी. गाईला पुढे न्यायचे. गाय वळणाआड गेली की वासरू हंबरत धावत यायचं. तर हेमांगी केयूरला म्हणाली, चल, आपण पुढे जाऊ. दोघं गेले आणि करवंदीच्या जाळीमागे उभे राहिले. पोरगी मागे किंचाळतेय, आई, आई, आणि ही जाळीतून बघतेय, मोबाईलवर वेळ लावून. सहा मिनिटं. मग रिद्धी उठली आणि धावत आली, नाकाडोळ्यातून पाणी, आणि हिच्या पायाला अशी घट्ट मिठी मारली की हिला तोल सावरायला लागला. केयूर म्हणाला, मानलं तुला.

दुसऱ्या वेळी चार मिनिटं लागली. नवव्या गडावर त्यांना नुसतं निघालेलं बघून रिद्धी उठली. आणि अकराव्यावर काय झालं, ती बसली, रडायला तोंड उघडलं, आईकडे बघितलं आणि तोंड मिटलं. पंख्याचं बटण बंद करावं तसं.

त्यानंतर ती पोर रडली नाही. डोंगरावर नाही आणि घरीही नाही. इंजेक्शनला नाही, शाळेत दुसऱ्याने चावलं तरी नाही. टीचरने फोन करून कौतुक केलं. ग्रुपमधल्या बायका विचारायच्या, काय करतेस गं, आम्हालाही सांग. ही हसायची. फक्त सासूबाई, द्वारकाकाकू, एकदा ओट्यावर फुलं निवडताना म्हणाल्या, पोर पडली आणि उं केलं नाही, हे काय लक्षण आहे, बाहुली आणली आहेस का घरात? आणि वर, तुमच्या त्या डोंगरावर ना देव ना जत्रा, कशाला मरायला जाता? हेमांगी दिवसभर धुमसत होती.

तर चोवीस झाले. पंचविसावा कामणदुर्ग. जानेवारीचा शेवटचा रविवार, आणि येत्या शुक्रवारी रिद्धीला पाच पूर्ण. म्हणजे दुसरा रविवारच नाही. झाला तर आज, नाहीतर कधीच नाही. आणि विरारच्या सुनंदाची आर्या, तीही चोवीसवर, तिचाही वाढदिवस त्याच आठवड्यात. ग्रुपमध्ये आठवडाभर नुसते फटाके. सुनंदा आणि हेमांगी एकमेकींना गोड गोड बेस्ट लक करत होत्या, तुला कळतंय ना कसलं गोड.

पहाटे निघाले, उजाडायला पाड्यावर पोचले. चौदा जण. कामणदुर्ग तसा लेकराचा गड नाहीच, झाडी दाट, चढ अंगावर येणारा, आणि जानेवारीत पायाखाली वाळका पाचोळा आणि त्याखाली मुरूम. ॲलिस्टर म्हणालाच होता की हा ऑप्शनला ठेवा. पण पंचवीस म्हणजे पंचवीस. अर्ध्यावर एक घसारा आहे, सुट्या दगडमातीचा उतार. केयूर पुढे, मोबाईल धरून, व्हिडिओ करत उलटा चालतोय. रिद्धीच्या पायाखालचा दगड सुटला. ती एक पाय दुमडून त्यावर बसल्यासारखी घसरत गेली, दहाएक फूट, आणि एका मुळाला अडकून थांबली.

हेमांगी धावली, पण ती पोचायच्या आत रिद्धी स्वतः उभी राहिली. मागची माती झटकली. आणि सरळ आईच्या तोंडाकडे बघितलं. रस्ता ओलांडायच्या आधी आपण सिग्नलकडे बघतो तसं.

केयूरने वरूनच विचारलं, ठीक आहे? रिद्धीने मान हलवली. मग चालायला लागली, आणि हेमांगीने बघितलं की डावा पाय ती पूर्ण टेकवत नाहीये, पावलाच्या कडेवर टाकतेय. ती केयूरला म्हणाली, थांबू या, बघू या. केयूर म्हणाला, "लागलं असतं तर रडली असती ना."

आणि हेमांगीला माहिती होतं. जगात एकटीला माहिती होतं की हे वाक्य किती खोटं आहे. तिने खाली बसून विचारलं, "रिद्धू, दुखतंय का?"

"नाही," रिद्धी म्हणाली. आणि हिच्या कुर्त्याचं टोक मुठीत धरलं. "तू पुढे जाऊ नको हां."

बस, इथेच उचलायचं होतं. तू हेच म्हणणार आहेस, दिसतंय तोंडावर. पण थांब. मागून सुनंदाचा आवाज येत होता, आर्या, शाब्बास, आर्या, अजून थोडंसं. हेमांगीने पोरीचं नाक पुसलं आणि म्हणाली, नाही जात, चल. आणि चालायला लागली, कुर्त्याचं टोक मुठीत असलेली पोर बाजूला.

वर पोचले. कातळात कोरलेली पाण्याची टाकी आहेत वर, तिथे सगळ्यांनी डबे उघडले. खाली खाडी चमकत होती, मिठागरांचे चौकोन दिसत होते. सगळे खूश. केयूरने रिद्धीला उडी मारायला सांगितली, फोटोसाठी. तिने मारली. फोटो बघितलास तर कळणारही नाही, हसतेय त्यात.

उतरताना ॲलिस्टरच्या लक्षात आलं. त्याने सगळ्यांना थांबवलं, रिद्धीला दगडावर बसवलं, बुटावरून पाय दाबून बघितला. पोरगी ढिम्म. त्याला तिचा पाय कळला नाही, पण चाल आवडली नाही. तो केयूरला म्हणाला, उचल तिला, रविवार काय संपलेत का. केयूर म्हणाला, शुक्रवारी पाच होतात, आमचे संपलेतच. ॲलिस्टर म्हणाला, मग राहू दे पंचवीस, चोवीस काय कमी आहेत, पण उचललं तर मी टिक करणार नाही, ते नाही जमणार मला. मग दोघांची जरा तणतण झाली आणि केयूर म्हणाला, तिलाच विचारू ना, तिचा गड आहे.

चार वर्षांच्या पोरीला. बाकी सगळी माणसं गोल उभी. बाबा विचारतोय, उचलू का तुला?

रिद्धीने बाबाकडे बघितलं नाही. ॲलिस्टरकडे नाही. हेमांगीकडे बघितलं. हेमांगी काही बोलली नाही, मानही हलवली नाही, देवाशपथ, नुसती उभी राहिली. रिद्धी म्हणाली, "मी चालते."

टाळ्या पडल्या यार. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

ॲलिस्टर जाता जाता हेमांगीला हळूच म्हणाला, "हेमा, आई तू आहेस. तू ठरव." आणि तो पुढे गेला, बाकीची पोरं होती त्याला सांभाळायला. केयूरही पुढे गेला, कारण पायथ्याशी उभं राहून रिद्धी येताना शूट करायचं होतं. सुनंदा आणि आर्या कुठेतरी मागे. म्हणजे आता वाटेवर दोघीच. गाव पंधरा मिनिटांवर, कोंबडे ऐकू येत होते.

आणि रिद्धी बसली.

रडली नाही. हळूच बसली, पाय लांब केला, म्हणाली, "आई, उचल ना. थोडंसंच."

वर्षभरात पहिल्यांदा काही मागितलं होतं तिने डोंगरावर. आणि बघ, आजूबाजूला कोणी नाही. एक माणूस नाही. उचलायचं, शेवटच्या वळणापर्यंत आणायचं, खाली ठेवायचं, झालं. तू केलं असतंस, मी केलं असतं, सुनंदाने डोळे मिटून केलं असतं. हेमांगीच्याही मनात आलं. पण संध्याकाळी मेसेज येणार होता, पूर्ण पायी? आणि त्याला हो म्हणायला लागणार होतं, आणि ते खोटं. ते तिला जमणार नव्हतं. उचललं तर बाद कर म्हणायला लागणार, मग केयूरचं तोंड, चोवीस गड, दोन वर्षांचे रविवार, ग्रुपमधल्या बायका. नाही उचललं तर मात्र सगळं खरं. एवढंच होतं गणित. तिला खरं बोलायचं होतं.

ती उठली आणि पुढे चालायला लागली.

मागे वळून बघितलं नाही. वीसेक पावलांवर ऐनाचं एक जाडजूड झाड होतं, त्याच्या मागे जाऊन उभी राहिली. आधीच्या वेळी निदान आवाज असायचा, रडणं वाढतंय का कमी होतंय यावरून अंदाज यायचा. आता काहीच नाही. पाचोळासुद्धा वाजत नव्हता. तिने खोडाच्या कडेने बघितलं. रिद्धी पोटावर वळली होती. दोन हात टेकले, एक पाय टेकला, दुसरा तसाच मागे ओढत, अशी ती उतारावरून येत होती. मग एका फांदीला धरून उभी राहिली, आणि लंगडी घालतात तशी यायला लागली. ओठ आत ओढून घेतलेले, पांढरे पडलेले. हेमांगीने मोबाईल बघितला. दीड मिनिट. आजवर लपून मोजलेल्यातलं सगळ्यात कमी.

झाडापाशी आली आणि म्हणाली, "मी आले. बघ, रडले नाही मी."

पायथ्याशी काय जल्लोष. केयूरने तिला खांद्यावर घेतलं, आता चालत होतं घेतलेलं, आणि घेताना तिचा श्वास असा आत ओढला गेला. त्याला वाटलं, आनंदाने. गाडीत बसल्या बसल्या झोपली.

घरी बूट निघेना. द्वारकाकाकूंनी लेस कापली, मोजा कापला, आणि पाय बघून कपाळाला हात लावला. त्यांनी आंबेहळद उगाळून लावली. सकाळी दवाखाना उघडल्या उघडल्या नेलं. एक्स-रे. नडगीच्या हाडाला चीर, लांबलचक, घोट्यापासून वर गेलेली.

डॉक्टरने विचारलं, कधी पडली, कशी पडली. केयूर म्हणाला, घरी, ओट्यावरून, काल संध्याकाळी. अगदी सहज म्हणाला, दुधाचा भाव सांगावा तसं. सत्कार पुढच्या रविवारी होता ना, आणि डोंगरावर मोडलेला पाय कोणाच्या कानावर गेला असता तर काय सत्कार. डॉक्टरने एक्स-रे बघितला, मांडीला मुरमाचे ओरखडे होते तेही बघितले. मग रिद्धीलाच विचारलं, "बाळा, तू सांग. कुठे पडलीस?"

रिद्धीने आईकडे बघितलं. कोणी शिकवलं नव्हतं तिला, हेमांगी शपथेवर सांगते, कोणीच नाही.

"घरी पडले," ती म्हणाली.

डॉक्टर हेमांगीकडे वळले, आई, तुम्ही होतात का तिथे? हेमांगीने तोंड उघडलं. मग पोरीच्या केसांवरून हात फिरवायला लागली. बोलली काहीच नाही. न बोलणं म्हणजे खोटं बोलणं नव्हे, हो ना? डॉक्टरने लिहिलं, घरी पडून. मांडीपर्यंत प्लास्टर घातलं. आणि घालता घालता म्हणाले, बरं झालं, या पायावर चालली नाही ते.

केयूर गाडी आणायला गेला. या दोघी बाहेर बाकावर. रिद्धी मांडीवर, पांढरा पाय सरळ पुढे. त्या पायाकडे बघत बसली होती. मग म्हणाली, "आई, आता मला चालता येणार नाही ना?"

हेमांगी म्हणाली, नाही गं राणी, चार आठवडे नाही.

"मग तू पुढे गेलीस तर मी कशी येऊ?"

हेमांगी म्हणाली, मी कुठ्ठे जाणार नाही. रिद्धीने मान हलवली. डॉक्टर म्हणतात ना, दुखणार नाही हं, आणि पोरं मान हलवतात, तशी. आणि आईची दोन बोटं धरून ठेवली.

तेवढ्यात मेसेज आला. ॲलिस्टरचा कालचा 'पूर्ण पायी?' तसाच पडला होता, पायाच्या गडबडीत उत्तर द्यायचं राहिलं होतं. ग्रुपवर सुनंदाचं उत्तर कधीच येऊन गेलं होतं, 'आर्याला शेवटी उचललं बाबा, फार रडत होती. बाद.' पुढे हसणारं तोंड. आणि आता ॲलिस्टरचा हा नवीन, 'हेमा, बॅनर अकरापर्यंत छापायला द्यायचाय. पाय बरा आहे ना तिचा? तुझा शब्द पुरे मला. पूर्ण पायी?'

पाच ते सात मिनिटं तिने फोन हातात धरला असेल. पाय बरा आहे ना, याला तिने उत्तर दिलं नाही. दुसऱ्याला दिलं. 'हो. एक पाऊलही उचललं नाही.' पाठवलं.

खोटं एक अक्षर नाही त्यात, बघ तू.

बॅनर लागलाय पापडीला, आणि रविवारी अकरा आया येणारेत, हेमांगीने त्यांना मार्गदर्शन करायचंय, पोरीला कसं तयार केलं यावर. तिने अजून नाही म्हटलेलं नाही. आता बोल. आता बाजू घे कोणाची घ्यायची ती. त्या झाडामागे तू उभी असतीस, तर तू काय केलं असतंस?